यावलला आधी हवं ते वेळेवरचं इंजेक्शन

2018 च्या डिसेंबरात डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम परिसरात बसून अहमदाबादच्या अपेक्स हार्ट इन्स्टिट्यूटमधल्या पाच रुग्णांची अँजिओप्लास्टी केली. हातात जॉयस्टिक, समोर पडदे आणि मध्ये 32 किलोमीटरचं अंतर. रुग्णाशेजारी डॉक्टरांचं दुसरं पथक सज्ज होतंच, पण तार आणि स्टेंट पुढे सरकवण्याचं काम रोबोनं केलं आणि त्याला हुकूम दुसऱ्या शहरातून मिळत होते. माणसावर असा दूरस्थ उपचार जगात पहिल्यांदाच झाला होता.

भुसावळमार्गे यावलहून जळगाव गाठायचं तर याहून जास्त अंतर पडतं. त्यामुळे अशी बातमी वाचली की यावल, फैजपूर, साकळी, किनगावच्या माणसाला आपल्याही तालुक्यात हे कधी येईल, असं वाटणं साहजिक आहे. कधी तरी येईलही. पण रात्रीची लाइट आली म्हणून केळीला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याच्या छातीत आज कळ उठली, तर त्याला वाचवू शकणारा शोध केव्हाच लागलेला आहे. ईसीजीचं यंत्र, ती पट्टी वाचून देणारा फोनपलीकडचा तज्ज्ञ आणि रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची एक कुपी. या तीन गोष्टी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दिवसरात्र एकत्र असणं, हीच यावलसाठी हृदयरोगावरच्या उपचारातली सगळ्यात मोठी प्रगती ठरेल. आग्रह धरायचा तर आधी तिचा धरायला हवा.

गेल्या पन्नास वर्षांत या शास्त्रानं घेतलेली झेप थक्क करणारी आहे, यात शंका नाही. 1977 साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जाग्या माणसाच्या हृदयाची रक्तवाहिनी बारीक फुग्यानं उघडून दाखवली. 2002 मध्ये फ्रान्समधल्या रूआँ शहरात अलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, मांडीतल्या शिरेतून नेऊन हृदयात नवी झडप बसवली. आज सीटी स्कॅनवर हृदयाच्या रक्तवाहिन्या बाहेरूनच पाहता येतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन इतक्या सूक्ष्म प्रमाणात मोजता येतं, की छातीतलं दुखणं हृदयाचं आहे की नाही, याचा उलगडा एक ते तीन तासांत होऊ शकतो. ज्यांच्यापर्यंत हे पोचतं त्यांचं आयुष्य खरोखर वाढतं. पण यातल्या बहुतेक गोष्टींना मोठं यंत्र, मोठी इमारत आणि चोवीस तास हजर असलेलं पथक लागतं. झटक्याच्या पहिल्या दोन तासांत या तिन्ही गोष्टी यावलच्या रुग्णापासून तापीच्या पलीकडे असतात.

झटका येतो म्हणजे नेमकं काय होतं? हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांच्या आतल्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साठतो. ठिबकच्या नळीत क्षार धरत जातात आणि पाणी कमी होत जातं, तशी नळी आतून अरुंद होते. झटका मात्र या हळूहळू साठण्यानं येत नाही. एका क्षणी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि मिनिटांत नळी बंद पडते. तिच्या पलीकडचा स्नायू प्राणवायूवाचून मरायला लागतो. एकदम मरत नाही, हळूहळू मरतो, आणि तेवढ्याच वेळात डॉक्टरला जे करायचं ते करता येतं. ईसीजीच्या पट्टीवर अशा पूर्ण बंद पडलेल्या नळीची विशिष्ट खूण उमटते. डॉक्टर तिला 'स्टेमी' म्हणतात. ही खूण स्पष्ट दिसली की रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबण्याचं कारण उरत नाही.

आता वेळेचा हिशोब. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या तासात दिलं तर हजार रुग्णांमागे सुमारे 65 जीव वाचतात, आणि दुसऱ्या ते तिसऱ्या तासात तो आकडा निम्म्याच्याही खाली येतो, असं 1996 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या विश्लेषणात दिसलं. याच्या शेजारी भारताचा आकडा ठेवून पाहावा. देशातल्या 50 शहरांमधल्या 89 रुग्णालयांत वीस हजारांहून अधिक हृदयरुग्णांची नोंद ठेवणारा 'क्रिएट' हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला स्टेमीच्या रुग्णांना लागलेला मध्यक वेळ होता 300 मिनिटं. पाच तास! आणि हा शहरांतल्या रुग्णालयांचा हिशोब आहे. याच अभ्यासात महिनाभराच्या आत दगावणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंतांमध्ये 5.5 टक्के, तर गरिबांमध्ये 8.2 टक्के निघालं. उपचारातला फरक हिशोबात धरला, तेव्हा ही दरी बरीचशी मिटली. गरिबांना उपचार कमी मिळाले, म्हणून ते जास्त दगावले. इतकं सरळ आहे ते.

हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे हा समज खान्देशात अजूनही घट्ट आहे. शेतात राबणाऱ्याला कुठला अटॅक, असं सहज बोललं जातं. देशभरातल्या लाखो मृत्यूंची कारणं घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'मिलियन डेथ स्टडी'नं 2018 मध्ये दाखवून दिलं, की 30 ते 69 या वयोगटात हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारानं मरण्याचं प्रमाण ग्रामीण भारतात वाढत गेलं आणि 2015 पर्यंत त्यानं शहरांनाही मागे टाकलं. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी 86 गावांतले मृत्यू तपासले, तेव्हा रक्तवाहिन्यांचाच दुसरा आजार असलेला पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं. साधारण सातांतला एक मृत्यू त्यानं झालेला. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मांडलेला निष्कर्षही विसरता येणार नाही: दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो, इतर देशांतल्या लोकांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. घरातली मुलं शिकत असतात, सोसायटीचं कर्ज अंगावर असतं, आणि कमावता माणूस जातो.

यावल तालुक्यात असा प्रवास कसा होतो, हे इथल्या बहुतेक कुटुंबांना सांगायला नको. छातीत दाटून येतं, दरदरून घाम फुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो. घरचे म्हणतात, गॅस झाला असेल. सोडा दिला जातो, छाती चोळली जाते, तासभर वाट पाहिली जाते. मग गावातले डॉक्टर, एखादं इंजेक्शन, सलाइन. तिथून यावल, यावलहून भुसावळ, भुसावळहून जळगाव. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवी चिठ्ठी, नव्यानं गाडीची शोधाशोध. बाईमाणूस असेल तर आणखी उशीर, कारण अनेकदा तिला छातीत कळ येतच नाही. नुसती धाप लागते, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं, आणि ती स्वतःच कुणाला सांगत नाही. मधुमेह असलेल्यांचंही असंच. सातपुड्याच्या पायथ्याला आणि डोंगरात राहणाऱ्या पावरा आणि तडवी कुटुंबांसाठी तर यावल हाच पहिला लांबचा टप्पा असतो. जामन्या, गाडऱ्या, लंगडा आंबा अशा वस्त्यांवरून रात्री पक्क्या रस्त्याला लागण्यातच मोलाचा वेळ निघून जातो.

या साखळीत यावलचं ग्रामीण रुग्णालय चिठ्ठी देणारा थांबा राहता कामा नये. उपचार तिथेच सुरू व्हायला हवा.

त्यासाठी लागणारं औषध परदेशातून मागवावं लागत नाही. टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध पुण्याची जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही कंपनी बनवते. रक्तात आधीपासूनच असलेल्या एका प्रथिनाला ते जागं करतं आणि ते प्रथिन गुठळीचे धागे कापतं. याआधी वापरात असलेलं स्ट्रेप्टोकायनेज तास-अर्धा तास सलाइनमधून सोडावं लागायचं. रक्तदाब कोसळायची भीती असायची आणि एकदा दिल्यावर पुन्हा देणं टाळावं लागायचं. तरीही त्यानं असंख्य जीव वाचवले. 1988 च्या 'आयसिस-2' या सतरा हजार रुग्णांच्या चाचणीत ते आणि साधी अ‍ॅस्पिरिनची गोळी मिळून पाच आठवड्यांतले मृत्यू 42 टक्क्यांनी घटले होते. टेनेक्टेप्लेज त्याहून सोपं आहे. रुग्णाच्या वजनाप्रमाणे मोजायचं आणि काही सेकंदांत शिरेत एकदाच द्यायचं. पंप लागत नाही, अतिदक्षता विभाग असलाच पाहिजे असं नाही. सप्टेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं त्याचा समावेश राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. एका कुपीला हजारो रुपये पडतात हे खरं. म्हणूनच ते मेडिकलमधून आणायला नातेवाइकांना पिटाळण्याऐवजी सरकारी कपाटात असलं पाहिजे. रात्री तीन वाजता एवढी रक्कम कुणाच्याच खिशात नसते.

या औषधात धोका आहे आणि तो लपवून चालणार नाही. शंभरात साधारण एका रुग्णाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आधी मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, रक्तदाब फार चढलेला असेल, तर ते देता येत नाही. वयस्कांना मात्रा कमी करावी लागते. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एकटा असलेला तरुण वैद्यकीय अधिकारी हा निर्णय घ्यायला कचरतो, आणि त्याचं कचरणं समजण्यासारखं आहे. बाहेर पन्नास नातेवाईक उभे असतात. काही बरंवाईट झालं तर त्याच्या पाठीशी कोण, हा प्रश्न त्याला पडणारच. त्याला धैर्याचे धडे देऊन उपयोग नाही. त्याच्या निर्णयात भागीदार हवा.

असा भागीदार फोनवर मिळू शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. मंगळुरूचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मनाभ कामत यांनी कर्नाटकातल्या गावोगावच्या छोट्या दवाखान्यांना ईसीजीची यंत्रं मिळवून दिली आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर तिथल्या डॉक्टरांना पट्ट्या वाचून द्यायला सुरुवात केली. पट्टीचा फोटो गेला की काही मिनिटांत उत्तर. बेंगळुरूच्या ट्रायकॉग कंपनीनं हेच काम संगणकीय विश्लेषण आणि डॉक्टर यांची जोड देऊन मोठ्या प्रमाणावर उभं केलं. महाराष्ट्र शासनानंही काही जिल्ह्यांत 'स्टेमी' कार्यक्रम याच पद्धतीनं सुरू केला. मोठं रुग्णालय केंद्रस्थानी आणि छोटी रुग्णालयं त्याला जोडलेली. कागदावर ही रचना सुरेख आहे. ती यावलच्या रुग्णालयापर्यंत रात्रीच्या वेळी, औषधासह पोचते का, यावर तिची किंमत ठरते.

तमिळनाडूनं याचा पुरावाच दिला आहे. कोइम्बतूरचे डॉ. थॉमस अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोटी रुग्णालयं, रुग्णवाहिका आणि कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, असलेली मोठी रुग्णालयं एका साखळीत जोडली, आणि आधीचे आणि नंतरचे मिळून 2,420 रुग्ण तपासून 2017 मध्ये निष्कर्ष मांडले. वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण 17.6 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर आलं. वरवर लहान वाटणारा हा फरक हजार रुग्णांमागे 34 माणसांचा आहे. नवा शोध लावावा लागला नाही, नवं औषध आणावं लागलं नाही. जे होतं ते ठरल्या वेळी, ठरल्या क्रमानं झालं.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो रास्तही आहे: थेट अँजिओप्लास्टीच उत्तम, मग इंजेक्शनमध्ये वेळ का घालवायचा? निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत नळी उघडणार असेल तर अँजिओप्लास्टीच उत्तम, यावर जगभरातल्या मार्गदर्शक सूचनांचं एकमत आहे. पण यावलहून हे दोन तास मोजून पाहावेत. गाडी येणं, रुग्ण चढवणं, भुसावळ ओलांडून जळगाव, तिथे दाखल करणं, कागदपत्रं, घरी गेलेलं कॅथलॅबचं पथक परत येणं. दिवसा, सगळं जुळून आलं तर जमेल. रात्री, पावसाळ्यात जमेलच असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आणि हे दोन तास यावलला ईसीजी निघाल्यापासून मोजायचे आहेत, घरी गेलेले तास वेगळेच. सुमारे 1,900 रुग्णांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्ट्रीम' या चाचणीत अशाच रुग्णांची तुलना होती, ज्यांना तासाभरात अँजिओप्लास्टी मिळणं शक्य नव्हतं. आधी टेनेक्टेप्लेज आणि मग दिवसभरात अँजिओग्राफी हा मार्ग थेट अँजिओप्लास्टीच्या तोडीचा निघाला. यात मेख एवढीच, की तिथल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक रुग्णांची नळी इंजेक्शननं नीट उघडली नाही आणि त्यांना तातडीनं कॅथलॅब गाठावी लागली. म्हणजे इंजेक्शन दिलं आणि वॉर्डात झोपवून ठेवलं, असं चालणार नाही. औषध शिरेत गेलं की गाडी निघालीच पाहिजे.

पुढच्या वाटेवर महाराष्ट्राची तयारी वाईट नाही. 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून आहे. जळगाव शहरात कॅथलॅब आहेत आणि 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालणारी जनआरोग्य योजना 2012 मध्ये राज्यात पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. खान्देशातल्या असंख्य घरांनी तिच्यातून अँजिओप्लास्टी आणि बायपास करून घेतल्या. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्रानं औषध लावलेल्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली आणि लाखाच्या घरातला स्टेंट आवाक्यात आला. या निर्णयांचं मोल फार मोठं आहे. पण हे सगळे पैसे रुग्ण मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोचल्यानंतरचे आहेत. आधीच्या तीन तासांसाठी तेवढीच ठोस तरतूद झाली, तरच त्या स्टेंटचा खरा उपयोग होईल. मेलेला स्नायू स्टेंट टाकून जिवंत होत नाही. माणूस वाचतो, पण चार पावलं चालून धाप लागणारा, केळीचा घड न उचलता येणारा माणूस होऊन घरी येतो.

झटका यायच्या आधीचं काम प्राथमिक आरोग्य केंद्रांचं आहे, आणि तिथेही महाराष्ट्राला स्वतःचाच धडा गिरवता येईल. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम राज्यात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांपासून सुरू झाला. ठरलेली दोन-तीन औषधं, महिन्याच्या गोळ्या एकदम हातात, आणि प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा. एवढ्या साध्या शिस्तीला 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. तालुक्यातल्या आशाताईच्या पिशवीत रक्तदाबाचं चालू यंत्र आणि उपकेंद्रात न संपणाऱ्या गोळ्या, ही पक्षाघात आणि झटका या दोन्हींवरची सगळ्यात स्वस्त लस आहे. तंबाखूची चंची आणि मिस्रीची डबी यांच्याबद्दल घराघरांत बोलावं लागेल, तेही आशाताईनंच.

1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा शहर सोडून खेड्यात भरलं, ते याच तालुक्यातल्या फैजपुरात. जे शहरातच होतं असं सगळे धरून चालले होते, ते इथल्या माणसांनी घडवून दाखवलं होतं. ग्रामीण रुग्णालयात झटक्याचा उपचार सुरू करणं त्या मानानं लहान काम आहे.

आणि त्याची सुरुवात मुंबईच्या मंत्रालयातून होण्याची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिला निधी असतो, बैठका होतात. यावलच्या समितीनं पुढच्या बैठकीत काही गोष्टी विचारून त्यांची उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या किती कुप्या आज कपाटात आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते? छातीत दुखतं म्हणून आलेल्या शेवटच्या दहा रुग्णांचा ईसीजी दारात आल्यापासून किती मिनिटांत निघाला? रात्री ती पट्टी कोण वाचतं, आणि त्याचा नंबर ड्युटी रूमच्या भिंतीवर आहे का? स्टेमी निघालेल्यांपैकी कितींना इथेच इंजेक्शन मिळालं, आणि ज्यांना मिळालं नाही त्यांचं कारण कागदावर आहे का? दहा मिनिटांत ईसीजी आणि तीस मिनिटांत इंजेक्शन, हे लक्ष्य मोठ्या अक्षरांत दर्शनी भागात लावावं आणि त्याखाली दर महिन्याचा खरा आकडा लिहावा. फैजपूर, सावदा, रावेर, चोपडा इथेही हेच प्रश्न याच महिन्यात विचारता येतील.